जवळचा ट्रक सोडून लांबचा का बोलावतात?

पुण्याहून महाबळेश्वरला एकेरी टॅक्सी ठरवायला गेलो की चालक बहुधा दोन्ही बाजूंचे पैसे सांगतो. आपण कुरकुर करतो. पण त्याचे म्हणणे रास्त असते. आपल्याला सोडल्यावर तिथून पुण्याकडे येणारे गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही, आणि रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतेच. परतीचे भाडे आधीच ठरलेले असेल, तर हाच चालक बऱ्याच कमी पैशांत यायला तयार होतो. अंतर तेच, घाट तोच, गाडीही तीच. प्रवासी उतरल्यानंतर पुढे काय, एवढ्या एका गोष्टीने दर बदलतो.

अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक नव्याने चालवू लागलेल्या माणसाची कमाई याच ‘पुढे काय’वर उभी असते. फक्त ते ठरवणे त्याच्या हातात नसते. ट्रक टेनेसीत उभा असतो, आणि त्याला पुढचा लोड कोणता द्यायचा हे टेक्सासमधल्या एखाद्या कार्यालयात बसलेला डिस्पॅचर आणि त्याचे सहकारी ठरवत असतात.

समजा, एकाच कंपनीत एकाच आठवड्यात दोन नवे ड्रायव्हर लागले. दोघांना सारखाच ट्रक आणि मैलाला ५० सेंट हा सारखाच दर. तीन महिन्यांनी पाहावे तर एकाला आठवड्याला २,७०० मैल मिळताहेत आणि दुसऱ्याला १,८००. म्हणजे एकाच्या हातात १,३५० डॉलर, दुसऱ्याच्या हातात ९००. दुसरा म्हणतो, पहिला डिस्पॅचरचा लाडका आहे. क्वचित ते खरेही असेल. पण असा फरक पडायला लाडाची गरज लागत नाही. लोडचे वाटप कसे चालते हे समजून घेतले की त्यातला बराचसा उलगडतो, आणि नव्या माणसाला त्यात स्वतःसाठी काय करता येईल हेही दिसते.

मैलावर पगार

पहिली गोष्ट पगाराची. तिथल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना तासावर किंवा महिन्यावर पैसे मिळत नाहीत, मैलावर मिळतात. चाक फिरले तर कमाई, थांबले तर नाही. १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टने अमेरिकेतल्या कामगारांना जादा तासांचा जादा पगार दिला, पण आंतरराज्य मालवाहतुकीचे ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. ती सूट आजही कायम आहे.

याचा परिणाम गोदामाच्या दारात दिसतो. माल उतरवायला गेलेला ट्रक धक्क्याला लागून चार-पाच तास उभा राहू शकतो. पहिले दोन तास साधारणपणे फुकटच धरले जातात, त्यानंतर प्रतीक्षेचे पैसे मिळाले तर मिळतात. गोदामात माणसे कमी आहेत म्हणून झालेल्या उशिराची किंमत त्या उशिराशी काही संबंध नसलेला माणूस मोजतो. मला हा या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मैल मोजण्यातही एक बारकावा आहे. अनेक कंपन्या प्रत्यक्ष चाललेल्या मैलांवर पैसे देत नाहीत. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांसाठी तयार झालेल्या जुन्या अंतर-कोष्टकाप्रमाणे देतात. ते अंतर बहुधा खऱ्या रस्त्यापेक्षा थोडे कमी भरते. कोणते मैल मोजले जाणार, हे नोकरी स्वीकारतानाच विचारून ठेवावे.

डिस्पॅचर एकटा नसतो

नव्या ड्रायव्हरच्या मनात डिस्पॅचर म्हणजे लोडच्या ढिगावर बसलेला माणूस असतो. मोठ्या कंपनीत चित्र वेगळे असते. ड्रायव्हर ज्याच्याशी रोज बोलतो तो त्याचा फ्लीट मॅनेजर. त्याच्याकडे असे कित्येक डझन ड्रायव्हर असतात. रजा, बिघाड, उशीर, पगाराची तक्रार सगळे त्याच्याकडे येते. कोणता लोड कोणत्या ट्रकला द्यायचा हे मात्र बहुधा प्लॅनर ठरवतो, आणि प्लॅनर ड्रायव्हरला कधी भेटलेलाही नसतो. तिसरा माणूस ग्राहकाशी बोलून माल पोचवण्याच्या वेळा ठरवतो. रात्री आणि शनिवार-रविवारी हे सगळे काम वेगळीच माणसे सांभाळतात.

प्लॅनरच्या पडद्यावर ड्रायव्हर म्हणजे एक ओळ. ट्रक कुठे आहे, केव्हा रिकामा होणार, कायद्याने चालवायला किती तास उरलेत, घरी केव्हा पोचायचे आहे, धोकादायक माल न्यायचा परवाना आहे का. या ओळीत स्वभाव दिसत नाही, मेहनत दिसत नाही, घरची अडचणही दिसत नाही. म्हणून नव्या माणसाने पहिले लक्ष या ओळीकडे द्यावे. ती ओळ खरी आणि ताजी असली की प्लॅनरचे काम सोपे होते. फ्लीट मॅनेजरशी संबंध चांगले असण्याचा उपयोग त्यानंतरचा. दोन ट्रक सारख्याच सोयीचे असतील तेव्हा तो प्लॅनरला फोन करून ‘याला द्या, हा पोचवेल’ असे सांगू शकतो.

ही ओळ पूर्वी नव्हती. ड्रायव्हर ट्रक थांब्यावरच्या सार्वजनिक फोनपाशी रांगेत उभा राहून कंपनीला कळवत असे, आणि दोन फोनच्या मधे तो कुठे आहे हे कार्यालयाला ठाऊक नसे. १९८८मध्ये क्वालकॉम कंपनीने ऑम्नीट्रॅक्स ही उपग्रहावरून संदेश आणि ठिकाण कळवणारी यंत्रणा आणली. श्नायडर ही ट्रक कंपनी तिची पहिली मोठी ग्राहक. तेव्हापासून कार्यालयाला ट्रकचे ठिकाण कळू लागले. ड्रायव्हरच्या मनातला अंदाज मात्र यंत्राला कळत नाही. तो ड्रायव्हरनेच सांगावा लागतो, आणि तिथेच नव्या माणसाच्या हाती काहीतरी येते.

घड्याळे तीन, आणि एक थांबत नाही

लोड मिळणे मैलांपेक्षा तासांवर जास्त अवलंबून असते. अमेरिकेत ड्रायव्हरने किती वेळ गाडी चालवावी याचे नियम केंद्र सरकारचे आहेत. डिसेंबर २०१७पासून बहुतेक ट्रकांमध्ये हे तास इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र नोंदवते. कागदी वहीत तास इकडचे तिकडे करण्याची सोय त्यामुळे संपली.

चौकट : तासांचे मुख्य नियम
• सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते.
• हे ११ तास कामाला लागल्यापासूनच्या १४ तासांच्या आतच वापरायचे.
• एकूण ८ तास चालवून झाले की पुढे चालवण्याआधी किमान ३० मिनिटांचा खंड हवा.
• आठवड्याचे सातही दिवस गाड्या चालवणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत कामाचे ७० तास भरले की त्यापुढे गाडी चालवता येत नाही.
• सलग ३४ तास सुटी घेतली की ७० तासांचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू करता येतो.
• सप्टेंबर २०२०पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे १० तासांची विश्रांती पुढील दोन भागांत घेता येते. एक भाग ट्रकच्या झोपण्याच्या जागेत किमान ७ तासांचा, दुसरा किमान २ तासांचा, दोन्ही मिळून किमान १० तास. असे केल्यास दोन्ही भाग १४ तासांतून वगळले जातात.

यांतले १४ तासांचे घड्याळ नव्या ड्रायव्हरला सर्वांत जास्त फसवते, कारण जेवायला थांबले तरी ते चालूच राहते. ड्रायव्हर सकाळी ६ला कामाला लागला, म्हणजे रात्री ८ला त्याचे चालवणे संपले. समजा तो दोन तास चालवून ८ वाजता गोदामात पोचला आणि गाडी खाली व्हायला दुपारचा १ वाजला. अकरा तासांच्या हिशेबात त्याच्याकडे अजून ९ तास आहेत. चालवता येतील फक्त ७. गोदामाने पाच तास घेतले, त्यांतल्या दोन तासांचे मैल त्या दिवसापुरते कायमचे गेले.

७० तासांचा नियम संथपणे काम करतो. ७०ला ८ने भागले की रोजचे पावणेनऊ तास येतात. यात चालवणे आले, तसे ट्रकची तपासणी, डिझेल भरणे, माल चढवताना हजर राहणे हेही आले. जो रोज ११ तास गाडी पळवतो तो सातव्या दिवशी अडकतो, मग त्याला ३४ तास थांबावे तरी लागते किंवा आठ दिवसांपूर्वीचे तास मध्यरात्री परत मिळतील तेवढ्यावर भागवावे लागते. प्लॅनर ही आकडेमोड पाहत असतो. शुक्रवारी दुपारी उत्तम लोड समोर असतो, पण ड्रायव्हरकडे ७०पैकी ९ तास उरलेले असतात. लोड दुसऱ्याला जातो. यात राग कोणाचा कोणावर नसतो.

जवळचा सोडून लांबचा

आता शीर्षकातला प्रश्न. नव्या ड्रायव्हरला सर्वांत जास्त खुपते ते हे: चांगला लोड आपल्यापासून वीस मैलांवर होता, आणि तो चाळीस मैलांवरच्या माणसाला दिला.

एक सरळ महामार्ग डोळ्यांसमोर आणा. त्यावर मैलाचे दगड आहेत. शून्य मैलावर एक छोटा लोड भरायचा आहे. ८० मैलांवर एक लांबचा, घसघशीत लोड आहे. ड्रायव्हर ‘क’ ६० मैलांवर उभा आहे, ड्रायव्हर ‘ख’ १२० मैलांवर. ‘क’ला चांगला लोड २० मैलांवर आणि छोटा ६० मैलांवर. ‘ख’ला चांगला ४० मैलांवर आणि छोटा १२० मैलांवर.

जो जवळ त्याला लोड असे केले, तर ‘क’ २० मैल रिकामा जाईल आणि ‘ख’ १२० मैल. दोघांचे मिळून १४० रिकामे मैल. उलट ‘क’ला छोटा आणि ‘ख’ला चांगला दिला तर ६० आणि ४०, म्हणजे १००. कंपनीचे ४० मैलांचे डिझेल आणि वेळ वाचला. रिकाम्या मैलांचे भाडे कोणताही ग्राहक देत नाही, त्यामुळे कंपनी दुसरी वाटणी करणार. ‘क’ मात्र जागेवर बसून एवढेच पाहतो की वीस मैलांवरचा लोड हातचा गेला.

दोन ट्रक आणि दोन लोड असतील तर वाटणीचे दोनच प्रकार. तिनांचे सहा. दहा ट्रक आणि दहा लोड असले की ३६ लाख २८ हजार ८०० प्रकार होतात. एकेक तपासून हे काम होत नाही. या कोड्याला गणितात नियुक्तीचा प्रश्न म्हणतात. हॅरोल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने १९५५मध्ये तो झटपट सोडवण्याची रीत मांडली. देनेश कोनिग आणि येनो एगेरवारी या हंगेरीच्या गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली होती, म्हणून तिला हंगेरियन पद्धत हे नाव पडले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातले वॉरन पॉवेल यांनी १९८०च्या दशकापासून ट्रक कंपन्यांसाठी याच प्रश्नाच्या अवघड रूपावर काम केले. अवघड अशासाठी की आजचे लोड माहीत असतात, उद्याचे नसतात. आज कोणता ट्रक कुठे पाठवला की उद्या तो उपयोगी जागी असेल, याचाही अंदाज घ्यावा लागतो.

आज मोठ्या कंपन्यांत प्लॅनरच्या पडद्यावर असे गणित सतत चालू असते. यंत्र सुचवते, माणूस मान्य करतो किंवा बदलतो. कंपनीकडून एक चूक सर्रास होते असे मला वाटते: निर्णय कळवला जातो, कारण कळवले जात नाही. ‘तुला छोटा लोड दिला, कारण मागच्या ट्रकला तिथे पोचायला दुप्पट अंतर पडत होते’ एवढे एक वाक्य ‘क’ला मिळाले असते, तर त्याच्या मनात लाडक्याची गोष्ट तयार झाली नसती. कारण आपणहून सांगितले जात नसेल तर ते विचारावे. भांडणाच्या सुरात विचारलेल्या आणि समजून घ्यायच्या सुरात विचारलेल्या प्रश्नाला फ्लीट मॅनेजर वेगवेगळी उत्तरे देतो, हेही खरे.

माल जातो तिथून परत काय येते

अमेरिकेच्या नकाशावर मालाचा ओघ सगळीकडे सारखा नाही. फ्लोरिडात लोक खूप राहतात, पर्यटक त्याहून जास्त येतात, म्हणून तिकडे माल भरपूर जातो. तिथून बाहेर जाणारा माल त्या मानाने थोडा. अटलांटाहून मायामीचा लोड दिसायला छान, ६०० मैलांच्या वर. पण मायामीला गाडी खाली झाल्यावर परतीचे भाडे शोधताना नाकी नऊ येतात. वसंतात तिथली भाजी आणि फळे निघू लागली की काही आठवडे हेच चित्र उलटते, आणि फ्रीजच्या ट्रेलरवाल्यांची तिथे चढाओढ लागते.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांत आशियातून येणारा माल उतरतो. त्यांच्या पूर्वेकडची मोठमोठी गोदामे तिथून साऱ्या देशाला माल पाठवतात, त्यामुळे त्या भागात रिकामा झालेला ट्रक सहसा फार वेळ रिकामा राहत नाही. टेक्सासमधले लारेडो मेक्सिकोच्या सीमेवर आहे. सीमेपलीकडच्या कारखान्यांतून आलेला माल तिथून शिकागो, डेट्रॉइटपर्यंत जातो, आणि असा लोड मिळाला की हजाराहून जास्त मैल एका दमात पदरात पडतात. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातला लेट्यूस उन्हाळ्यात निघतो. हिवाळ्यात हेच पीक ॲरिझोनातल्या युमाकडे सरकते आणि त्याच्यामागे ट्रकही सरकतात.

न्यूयॉर्क शहर आणि त्याच्या आसपासच्या भागात जायला बरेच ड्रायव्हर नाखूश असतात. ५३ फुटांचा ट्रेलर घेऊन अरुंद रस्ते, बुटके पूल, टोल, आणि रात्री उभे राहायला जागा नाही. नव्या माणसाच्या वाट्याला असा लोड आला की त्याला वाटते आपल्यालाच वाळीत टाकले. पण एखादा वाईट दिसणारा लोड पुढच्या चांगल्यासाठी ट्रकला योग्य जागी नेण्याकरताही दिलेला असतो. म्हणून लोड हाती आल्यावर फ्लीट मॅनेजरला विचारण्यासारखा सर्वांत उपयोगी प्रश्न हा: ‘तिथे खाली झाल्यावर तिथून साधारण काय निघते?’ त्याला ठाऊक असेल तर तो सांगतो. नसेल तर निदान आपला ट्रक तिथे अडकू नये हे त्याच्या डोक्यात राहते.

चांगला लोड म्हणजे कोणता?

लांबचा लोड म्हणजे चांगला लोड, असे नव्या ड्रायव्हरला वाटते. हिशेब तसा नाही.

एक लोड आहे ६५० मैलांचा, पण पोचवण्याची वेळ तिसऱ्या दिवशी सकाळची. दुसरा ४८० मैलांचा, उद्या सकाळी पोचवायचा. पहिला घेतला तर मधले अर्धेअधिक दिवस ट्रक उभा, आणि तीन दिवसांत मैल ६५०च. दुसरा घेतला तर उद्या सकाळी गाडी खाली होऊन पुढचा लोड सुरू. मैलांना दिवसांनी भागून जे येते ते पाहावे. लोडवर छापलेला मैलांचा आकडा नुसता पाहून काही कळत नाही.

माल कसा द्यायचा, यानेही फरक पडतो. काही ठिकाणी भरलेला ट्रेलर अंगणात सोडायचा, दुसरा तयार ट्रेलर जोडायचा आणि निघायचे. सगळे सुरळीत असेल तर तासाभराच्या आत काम होते. काही ठिकाणी ट्रेलर धक्क्याला लावून माल चढेपर्यंत किंवा उतरेपर्यंत थांबावे लागते. पहिल्या प्रकारचे ३५० मैल कधी कधी दुसऱ्या प्रकारच्या ५०० मैलांपेक्षा जास्त मोलाचे ठरतात, कारण १४ तासांचे घड्याळ वाचते. वजनाचेही भान ठेवावे. ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, ही केंद्रीय महामार्गांवरची सर्वसाधारण मर्यादा. मागच्या जोड-आसावर ३४,०००पेक्षा जास्त भार चालत नाही. भरल्यावर काट्यावर वजन केले नाही आणि आसावर जास्त निघाले, तर परत गोदामात जाण्यात अर्धा दिवस जातो.

आणि रात्र कुठे काढायची? तास संपत आले आणि थांब्यावर जागा नाही, ही अमेरिकी ट्रकचालकांची रोजची चिंता आहे. २००९मध्ये साउथ कॅरोलिनात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपलेल्या ड्रायव्हरचा लुटीसाठी खून झाला. त्याच्या पत्नीने आणि इतरांनी पाठपुरावा केला आणि २०१२मध्ये त्याच्याच नावाने ‘जेसन्स लॉ’ झाला. ट्रक उभे करायच्या सुरक्षित जागांना त्याने राष्ट्रीय प्राधान्य दिले. जागांची टंचाई मात्र सुटलेली नाही. म्हणून संध्याकाळी सहाला पोचायचा लोड स्वीकारताना माल घेणाऱ्याच्या आवारात रात्रभर थांबू देतात का, हे आधी विचारणारा ड्रायव्हर फार मोठा धोका टाळतो.

कळवायचे काय, आणि केव्हा

चांगले लोड सांभाळून देण्यामागे ग्राहकाचा धाक असतो. वॉलमार्टने २०१७मध्ये वेळेवर आणि पूर्ण माल पोचण्याचे कडक निकष लावले आणि ते न पाळणाऱ्या पुरवठादारांना मालाच्या किमतीच्या ३ टक्के दंड ठेवला. पुरवठादार ते ट्रक कंपनीला ऐकवतो, कंपनी प्लॅनरला. अशा लोडसाठी प्लॅनर ओळखीचे ट्रक शोधतो, म्हणजे आजवर सांगितलेल्या वेळेला पोचलेले. नव्या माणसाच्या नावापुढे असा इतिहासच नसतो. म्हणून सुरुवातीला सैल वेळेचे, कमी मोलाचे लोड मिळतात. त्यांतूनच तो इतिहास तयार होतो.

या इतिहासाचा मुख्य घटक म्हणजे ‘मी केव्हा रिकामा होईन’ हा ड्रायव्हरने कळवलेला अंदाज. त्यावर प्लॅनर पुढचा लोड आधीच जुळवून ठेवतो. दुपारी २ सांगितले आणि ५ वाजले, तर ४ वाजता भरायचा लोड गेला आणि कंपनीचा शब्दही गेला. काही जण याला घाबरून नेहमी तीन तास वाढवून सांगतात. मग ५ सांगून २ला रिकामे होतात, पण ३ वाजता भरायचा उत्तम लोड त्यांच्या नावावर जुळवलेलाच नसतो. गोदाम किती वेळ घेते हे आधी तिथे जाऊन आलेल्यांना विचारावे, तपासणी आणि डिझेलचा वेळ धरावा, आणि मनातला खरा आकडा कळवावा.

वेळेच्या पट्ट्यांचा घोळ इथेच होतो. ट्रकमधले यंत्र कंपनीच्या मूळ ठाण्याची वेळ दाखवते, माल देण्याची वेळ मात्र त्या गावची असते. ठाणे डॅलसला आणि माल फिनिक्सला असेल तर उन्हाळ्यात फिनिक्सचे सकाळचे ७ म्हणजे यंत्रावरचे ९. हिवाळ्यात तेच ७ म्हणजे यंत्रावरचे ८, कारण ॲरिझोनाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ पाळतच नाहीत. नव्या ड्रायव्हरने जवळच्या वहीत दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहाव्यात.

उशीर होणार असे दिसले की केव्हा आणि काय कळवायचे? एक संदेश असा असतो: ‘खूप ट्रॅफिक आहे, उशीर होईल.’ तो वाचून फ्लीट मॅनेजरला काहीच करता येत नाही. त्याला उलट फोन करावा लागतो, आणि त्याच वेळी त्याच्याकडे दुसऱ्या वीस जणांचे संदेश पडलेले असतात. दुसरा संदेश असा: ‘इंडियानापोलिसच्या दक्षिणेला आय-६५ अपघाताने बंद. ४० मिनिटांपासून उभा. माल देण्याची वेळ स्थानिक १६:३०. माझा अंदाज १८:००. १४पैकी ५ तास १० मिनिटे शिल्लक. ते १८:००ला घेतात का विचारा, नाहीतर उद्या सकाळची वेळ घ्या. तिथे रात्री थांबता येईल का तेही.’ हा वाचून तो एका फोनमध्ये काम संपवतो. दोन्ही ड्रायव्हर सारखेच अडकलेत. पुढच्या आठवड्यात फ्लीट मॅनेजर प्लॅनरकडे कोणाचे नाव घेईल हे सांगायला नको. असा संदेश गाडी उभी करूनच लिहायचा, कारण चालवताना फोन हातात धरून संदेश पाठवणे ट्रकचालकाला केंद्रीय कायद्याने मना आहे.

घरी जायच्या तारखेचेही असेच. ‘शुक्रवारी घरी सोडा’ हे बुधवारी सांगितले तर प्लॅनरच्या हातात त्या दिशेचा लोड नसतो. दोन आठवडे आधी तारीख नोंदवली की तो त्या बाजूने लोड जुळवत आणतो.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क

चांगल्या लोडसाठी सगळे निमूटपणे मान्य करावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आजारी किंवा थकलेल्या माणसाने ट्रक चालवू नये आणि कंपनीने त्याला चालवायला लावू नये, असा केंद्रीय नियम आहे. बर्फ, धुके, निसरडा रस्ता यांनी चालवणे धोक्याचे झाले तर थांबायलाच हवे, असाही नियम आहे. जानेवारी २०१६पासून आणखी एक संरक्षण लागू झाले. नियम मोडायला नकार देणाऱ्या ड्रायव्हरला काम कमी करण्याची धमकी देणे हाच नियमभंग ठरला, आणि त्यात ट्रक कंपनीबरोबर माल पाठवणारा, माल घेणारा आणि दलाल हेही आले. त्यासाठी ड्रायव्हरने आपला आक्षेप सांगितलेला असावा लागतो. म्हणून नकार लेखी, नियमासह आणि आकड्यांसह द्यावा: ‘माझ्याकडे ३ तास २० मिनिटे आहेत, हे अंतर साडेचार तासांचे आहे, आज पोचवता येणार नाही. उद्या सकाळी १०पर्यंत पोचवू शकतो.’

‘नको’ आणि ‘जमणार नाही’ यांत कार्यालय फरक करते. पहिल्याला मर्यादा आहे. अनेक कंपन्यांत दिलेला लोड कंटाळा आला म्हणून नाकारता येत नाही, आणि वारंवार नाकारणाऱ्याला पुढे विचारले जात नाही. दुसऱ्याला मर्यादा नसावी. सुरक्षेसाठी दिलेल्या नकाराचा वचपा काढून ड्रायव्हरला लोडविना बसवून ठेवणारी कंपनी असेल, तर तिथे चांगले लोड मिळवण्याचे शहाणपण शिकत बसू नये. तक्रार करावी आणि दुसरी नोकरी पाहावी.

स्वतःचा ट्रक घेतला की

वर्ष-दोन वर्षांनी काही जण स्वतःचा ट्रक घेतात. मग नाते उलटे होते. आता डिस्पॅचरला ट्रकवाला पैसे देतो, बहुधा भाड्याच्या काही टक्क्यांनी. लोड खुल्या बाजारातून येतात. या बाजाराची सुरुवात १९७८ची. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात जुबिट्झ या ट्रक थांब्यावर ‘डायल-अ-ट्रक’ नावाने उपलब्ध लोडची यादी दाखवली जाऊ लागली. तेच आजचे डॅट, अमेरिकेतले मोठे लोड बोर्ड.

या कामात आपल्याकडचेही लोक आहेत. अमेरिकेत पंजाबी ट्रकवाल्यांची संख्या मोठी आहे, आणि भारतात रात्रपाळीला बसून तिथल्या ट्रकमालकांसाठी लोड शोधणारे, दलालांशी भावाची घासाघीस करणारे तरुणही आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. यांच्यासाठीही वर सांगितलेले सगळे लागू पडते: तास, परतीचे भाडे, मैल भागिले दिवस.

एक गोष्ट मात्र नोकरीत नव्हती ती इथे येते. दलाल माल पाठवणाऱ्याकडून एक रक्कम घेतो आणि ट्रकवाल्याला त्यातून कमी देतो. त्याला केंद्रीय नोंदणी आणि ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, म्हणून लोड घेण्याआधी त्याची नोंदणी पाहावी. डिस्पॅचरने तोंडी सांगितलेल्या भावावर न जाता दलालाने पाठवलेला भाडेनिश्चितीचा कागद स्वतः वाचावा. त्यावर भाडे, वेळा, प्रतीक्षेचे पैसे किती तासांनंतर आणि किती, हे सगळे असते. दलालाने त्या व्यवहारात काय घेतले आणि काय दिले याची नोंद पाहण्याचा हक्क ट्रकवाल्याला केंद्रीय नियमांनी दिलेला आहे. अनेक दलालांच्या करारात हा हक्क सोडून दिल्याचे एक कलम असते. सही करण्याआधी ते शोधून वाचावे, आणि काढून टाकायला सांगता आले तर सांगावे.